वहिनीची मूठ

कर्जत स्टेशनाबाहेर हल्ली संध्याकाळी एक हातगाडी लागते. लाल अक्षरांत 'चायनीज' लिहिलेली. परवा माझ्या पुतण्याने तिथून पुडकं आणलं आणि ऐंशीला टेकलेले माझे वडील बोटं चाटून खात बसले. मला राग आला. तो अजून उतरलेला नाही.

आमच्या कडावच्या घरात चैत्रात वर्षाचा मसाला कुटत. भावकीतल्या बायका उखळाभोवती जमत आणि नव्या सुनेने त्यात माहेरच्या मसाल्याची एक मूठ घालायची अशी पद्धत होती. ती मूठ पडली की सून घरची झाली. पंचवीस वर्षांपूर्वी, चीनशी लढाई झाली त्या वर्षी, ही मूठ थोरल्या वहिनीने घातली. तिचे वडील मुंबईत एका चिनी माणसाच्या खानावळीत स्वयंपाकी होते. त्यांच्याकडून शिकलेला पाच जिनसांचा मसाला तिने आमच्या चुलीवर भाजला. चक्रीफूल, दालचिनी, लवंग, बडीशेप आणि तिरफळ. तिरफळाच्या काळ्या बिया काढून नुसती सालं घ्यायची, नाहीतर दाताखाली कचकचतं, असं ती बायकांना सांगत होती. खानावळीतलं तिरफळ जरा वेगळं असे, पण तिने आमच्या डोंगरातलंच घेतलं.

पावसाळाभर घर त्या मसाल्यावर जेवलं. कोंबडीच्या रश्शाला गोडसर वास यायचा, ओठ किंचित बधिर व्हायचे. वडील पानावरून ओरडायचे, "सूनबाय, आजून वाढ गं! तुझ्या मुठीत हाय तरी काय?"

दिवाळीच्या सुमारास लढाई पेटली. आत्या आली होती. जेवताना तिने विचारलं, हा वास कसला? वहिनीने सरळ सांगून टाकलं.

वडिलांचा घास हातातच राहिला. "चिन्यांचा मसाला? माझ्या घरात?"

"मामंजी, तिरफळ आपल्याच डोंगराचं हाय. बाकीचं कर्जतच्या वाण्याकडनं आणलंय."

"बघ, कशी बोलते!" आत्या म्हणाली. "बाप चिन्याच्या चुलीवर जगला, आता लेक आमाला तेच चारते."

वडील उठले आणि वर्षाचा उरलेला सगळा मसाला त्यांनी उकिरड्यावर ओतला. बरणी चिनी मातीची होती. ती मात्र धुऊन परत फळीवर ठेवायला लावली, तीही वहिनीलाच. कसलं हे देशप्रेम? आमच्या घरातलं एकही माणूस सरहद्दीवर गेलं नव्हतं. शत्रू सापडला तो स्वयंपाकघरात, हातात पळी घेतलेला. दादा, तिचा नवरा, खाली मान घालून भात कालवत राहिला. मी शिकलेला, नोकरीला लागलेला. मीही पाटावरून उठलो नाही.

पुढच्या चैत्रापासून वहिनीने उखळाला हात लावायचा नाही असं ठरलं. तिने मिरच्यांची देठं खुडायची, लाकडं आणायची, पाणी भरायचं. माझं लग्न झालं तेव्हा माझ्या बायकोची मूठ पडली, ती वहिनीने निवडलेल्या मिरच्यांवर. सगळ्यांनी कौतुक केलं. वहिनी ओसरीवर सुपात तांदूळ पाखडत होती. ते आठवलं की आजही मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटते.

आणि परवा हे पुडकं. वडिलांनी कागद पुसूनपुसून खाल्लं आणि मग ते म्हणाले, "सूनबाय, तुला येत होतं ना गं आसलं? या चैतात घाल की तुझी मूठ. लई दिस झालं."

लई दिस! जणू तीच विसरली होती घालायला.

वहिनीने ताटं गोळा केली. "माझं राहू द्या, मामंजी. आता पोराचं लगीन हाय. माझी सून घालंल तिची मूठ. फकस्त तिला कुनी इचारायचं नाय, कुठनं आनलीस म्हनून."

वडील खो खो हसले. त्यांना ती गंमत वाटली.