सतराव्या ओळीतलं पीप

निवृत्तीअण्णा गेल्याचा त्यांच्या मुलाचा फोन आला, तेव्हा मी अंगणातल्या पिपातून तांब्याभर पाणी घेऊन तोंड धूत होतो. तांब्या तसाच हातात राहिला... आमच्या गावचा तेरणेवरचा पूल दरवर्षी बांधणारा आणि दरवर्षी सोडवणारा माणूस गेला. नव्वदीला टेकले होते, त्यामुळे लोक म्हणाले, सुटले. मला तसं म्हणता येत नाही.

सत्तरच्या दशकात आमचा ऊस नदीच्या अलीकडं, साखर कारखाना पलीकडं आणि पक्का पूल लांबच्या वळशावर. म्हणून गावानंच मिळून पिपांचा पूल केला. बंद तोंडाच्या रिकाम्या पिपांच्या चार-चारच्या ओळी तारेच्या दोरानं जखडायच्या, वर बाभळीच्या फळ्या. पावसाळ्याआधी सगळं सोडवून काठावर रचायचं, दिवाळीनंतर पुन्हा पाण्यावर घालायचं. प्रत्येक पीप आपल्याच जागी बसावं म्हणून अण्णांनी पांढऱ्या रंगानं ओळींचे आकडे घातले होते.

मी ट्रॅक्टर चालवायचो. ट्रॉली अर्धीच भरायची, पहिला गिअर टाकायचा आणि पलीकडचा काठ लागेपर्यंत ब्रेकला पाय लावायचा नाही. पुढची चाकं चढली की पूल खाली दबायचा, फटींतून पाणी वर यायचं. अण्णा अनवाणी, ट्रॅक्टरच्या पुढं उलटे चालायचे, एकेक फळी टाचेनं ठोकत. "पान्याकडं बगू नगं, माझ्या पायाकडं बग," म्हणायचे. एकदा मधोमध, सतराव्या ओळीवर, फळी करकरली आणि मी घाबरून ब्रेक दाबला. सगळा पूल एका अंगाला कलला. अण्णा त्याच फळीवर घट्ट उभे राहिले. "सोड ब्रेक. म्या हाय न्हवं हितं?" शिव्या दिल्या त्या पलीकडं गेल्यावर. आयुष्यात दुसऱ्या कुणावर मी इतका विसंबलो नाही.

मग दुष्काळ पडला. नदीत वाळू उरली, ऊस वाळला, काठावर पिपं नुसती रचलेली. टँकर यायचा आणि घरात साठवायला भांडं नसायचं. सगळ्यात आधी पीप मागायला मीच गेलो, हे लपवून काय करू? अण्णांनी रचलेल्यातलं एक पीप ओढून बाहेर काढलं. मग म्हणाले, "ने. पर तोंड कापू नगं. बुचातनं भर, बुचातनंच काढ. कापल्यालं पीप तरंगत न्हाय."

"न्हाय कापत, अण्णा. तुमची शपथ."

आठ दिवस पाळलं. पण बुचातून घागर भरेना, पाणी सांडायचं, बायको रडकुंडीला आली. मी छिन्नी घेतली आणि वरचा पत्रा गोल कापून काढला. सतराव्या ओळीतलं पीप होतं ते. माझं बघून शेजाऱ्यानं कापलं, मग सगळ्या गावानं.

नदी आली ती दोन वर्षांनी. खांद्यावर दोर टाकून, पुलासाठी पिपं गोळा करायला अण्णा पहिल्यांदा माझ्याच दारात आले. पिपाजवळ थांबले. आत भरलेलं पाणी बघितलं, कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मी मान खाली घातली. वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

"धार लई हाय," अण्णा म्हणाले. "लेकरांच्या हाताला लागंल. कड ठोकून घे."

पुढच्या घरी गेले, त्याच्या पुढच्या घरी गेले. संध्याकाळी दोर खांद्यावर तसाच घेऊन परतले. नवी पिपं आणायची गावात ताकद उरली नव्हती. पूल पुन्हा झाला नाही, अण्णांची पुलावरची मजुरीही गेली. त्या हंगामात, पन्नाशीच्या वयात, अण्णा कोयता घेऊन परमुलखात ऊसतोडीला गेले आणि पुढं कितीतरी वर्षं जातच राहिले.

ती कड मी त्याच संध्याकाळी ठोकून घेतली. तळाला दोनदा पत्रा मारला, पण पीप टाकवलं नाही. अण्णांच्या दहाव्याहून आलो आणि हात धुवायला पाणी काढलं, तेव्हा हात त्या कडेवरून सगळीकडून फिरवून बघितला. कुठंच लागत नाही.