एकसारख्या बरण्या

“आधी पाह्य, मंग बोल,” असं म्हणत बाई आपल्या जेवणाच्या डब्याचा वरचा कप्पा समोरच्याच्या नाकाखाली उघडत. त्यात भाजी नसे. कधी ओल्या भिंतीवरून खरवडलेलं शेवाळ असे, कधी शेणखताच्या ढिगावर उगवलेली छत्री, कधी शिंगं बाहेर काढून बसलेली गोगलगाय. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची त्यांच्या शेजारी. माझ्या टेबलावर प्रत्येक वस्तू ठरल्या जागी असायची, आणि त्या गोगलगायीला ते मान्य नव्हतं. एकदा मी जरा कडक आवाजात म्हटलं, की बाई, हा जेवणाचा डबा आहे. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, “तिचंबी जेवण चालूच हाय, मॅडम. पालक खाऊन राह्यली.”

नातवंडांनो, तुमच्यातल्या मोठीने परवा फोनवर सांगितलं की तिला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला सजीवांची विविधता हा विषय आहे, आणि स्क्रीनवर बोट फिरवलं की जेलीफिश चारी बाजूंनी दिसते. मला आनंद झाला, आणि लगेच आमच्या प्राणिशास्त्राच्या या बाई आठवल्या. तुमच्या आईने त्यांना पाहिलं आहे. तुम्ही नाही, म्हणून लिहिते.

त्या धनज गावच्या. घरची शेती, आणि त्या बौद्ध घरातून कॉलेजची पायरी चढलेल्या त्या पहिल्या. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवायची, त्या पहिल्या वर्षाच्या मुलांना अमीबापासून माकडापर्यंत सगळी सृष्टी शिकवायच्या, आणि तीही वऱ्हाडीतून. पोरांना पेपर इंग्रजीत लिहायचा असतो, अशी मी त्यांना आठवण करून दिली होती. “लिहितीन ना इंग्रजीत,” त्या म्हणाल्या. “पाहाचं तं डोळ्यानंच हाय.”

आता गोष्ट बाटल्यांची. प्रयोगशाळेत भिंतीभर कपाटं होती आणि कपाटांत काचेच्या बाटल्या. फॉर्मलीनमध्ये बुडवलेले स्पंज, तारामासे, समुद्रकाकडी, पट्टकृमी, जळू. प्रात्यक्षिक परीक्षेत या बाटल्या टेबलांवर नावाशिवाय मांडतात. घंटा वाजली की मुलं एकेक टेबल पुढे सरकतात, बाटलीतला प्राणी ओळखून त्याची लक्षणं लिहितात. याला सगळे स्पॉटिंग म्हणतात. आमचा स्पॉटिंगचा निकाल वर्षानुवर्षं उत्तम लागे. प्राचार्य पाहुण्यांना ती कपाटं दाखवत.

त्या वर्षी चाचणी परीक्षेच्या आधी पट्टकृमीच्या बाटलीचं झाकण फुटलं. ते झाकण निळं होतं. प्रयोगशाळेतल्या माणसाने जुन्या सामानातून एक काळं झाकण शोधून तिथे बसवलं. त्याच शोधाशोधीत एक निळं झाकण सापडलं, ते चांगलं होतं म्हणून जळूच्या बाटलीला लावलं. चाचणीत जळूची बाटली टेबलावर आली, आणि एकजात सगळ्या वर्गाने लिहिलं: पट्टकृमी. सोबत लक्षणंही पाठ: शरीर फितीसारखं, डोक्यावर आकडे, माणसाच्या आतड्यात राहतो.

बाई स्टाफरूममध्ये येऊन बसल्या तेव्हा मला वाटलं हसताहेत. हसत नव्हत्या.

चौकशी केली तेव्हा कळलं की ही विद्या मोठ्या वर्गाकडून लहान वर्गाकडे चालत आली होती. निळं झाकण म्हणजे पट्टकृमी. कड उडालेली बाटली म्हणजे समुद्रकाकडी. दोरी बांधलेली म्हणजे ऑक्टोपस. पाणी पिवळं पडलंय तो तारामासा. आत काय आहे, हे पाहण्याची कोणाला गरजच पडली नव्हती. मुलं मठ्ठ नव्हती हो. रोज एसटीने, रेल्वेने धक्के खात येणारी, हुशार मुलं होती. मार्क जिथे मिळतात तिथेच त्यांनी डोकं चालवलं होतं.

बाईंना सगळ्यात लागलं ते जऊळक्याच्या एका मुलीचं. ती वर्गात पहिली. तिच्या घरी म्हशी, आणि तळ्यातून बाहेर आलेल्या म्हशीच्या पायाची जळू तिने लहानपणापासून मीठ टाकून सोडवलेली. बाईंनी तिला माझ्यासमोरच विचारलं की तुला ती ओळखू आली नाही का. मुलगी गोंधळली, मग अगदी सरळ म्हणाली, “मॅडम, म्हशीले लागते ते जळू. बाटलीत असते ते सायन्स.”



दुसऱ्या दिवशी बाई बाजारात गेल्या, मलाही सोबत नेलं. बरण्यांच्या दुकानातल्या चाचांना त्यांनी एकाच मापाच्या, एकाच झाकणाच्या बरण्या काढायला लावल्या. ढीग वाढत गेला तसे चाचा न राहवून म्हणाले, “बाई, इतकं लोणचं खाते कोन?”

“खाचं नाही चाचा, पाहाचं हाय.”

प्राचार्यांना बातमी लागली. त्यांनी बाईंना बोलावलं, मीही तिथे होते. त्यांचं म्हणणं अगदी चूक नव्हतं. विद्यापीठाची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती, निकाल घसरला तर पुढच्या वर्षी मुलं दुसऱ्या गावी प्रवेश घेतील, मग ही शाखाच टिकायची नाही. परीक्षा होऊन जाऊ द्या, पुढच्या वर्षी बदला, असं ते समजावून सांगत होते. मीही मान डोलावली.

“पुढच्या वर्षी मी नाही, सर,” बाई म्हणाल्या.

ते खरं होतं. त्या फेब्रुवारीअखेर निवृत्त होत होत्या, परीक्षेच्याही आधी.

शनिवारी दुपारी हातमोजे घालून, नाकाला पदर बांधून त्यांनी प्रत्येक प्राणी जुन्या बाटलीतून काढला आणि नव्या बरणीत ठेवला. ऑक्टोपस काही केल्या आत जाईना. त्याची समजूत घालताना त्या जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळी कपाटांत सगळ्या बरण्या सारख्या दिसू लागल्या. शाळेच्या गणवेशात उभ्या केलेल्या मुलांसारख्या.

सोमवारी जऊळक्याची मुलगी स्टाफरूमच्या दारात आली. डोळे रडलेले, पण आवाज ताठ. तिच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं की पहिल्या वर्षाला एका जरी विषयात अडकलीस तर कॉलेज बंद, आलेलं स्थळ आहेच. परीक्षेपर्यंत जुन्या बाटल्या राहू द्या, एवढीच तिची विनंती होती. बाई नाही म्हणाल्या तेव्हा ती बोलून गेली, “तुमाले काय मॅडम. तुमी तं चालल्या. घरी मले बसवतीन.”

मला वाटलं, आता बाई विरघळतील. त्यांनी खुर्ची ओढून तिला बसवलं, स्वतःच्या फुलपात्रातलं पाणी दिलं.

“मी चालली, म्हनूनच तं घाई हाय,” त्या म्हणाल्या. “तू पास होशीन का नाही, हे मी नाही सांगत. पन ज्याले हातानं सोडवते, त्याले कागदावर दुसरंच म्हनशीन, हे मी ठेवून जानार नाही.”

त्या दिवसापासून दुपारचा वर्ग सुरू झाला. नियम एकच: प्राण्याचं नाव घ्यायचं नाही. बरणी हातात घ्यायची, फिरवायची, आणि जे दिसतं ते सांगायचं. नाव घेतलं की वर्गाबाहेर. पहिल्या आठवड्यात अर्धा वर्ग बाहेरच असे. मग पोरांची जीभ सुटली. एकाने समुद्रकाकडीला सुकलेलं वांगं म्हटलं, “पन मॅडम, याले खालून पाय फुटले हायेत.” बाईंनी त्याला टेबलावर उभं करून सगळ्यांकडून टाळ्या घेतल्या. कधी त्या सगळा वर्ग तळ्यावर नेत, कधी कॉलेजच्या मागच्या उकिरड्यावर. जऊळक्याची मुलगी रागावलेलीच होती. बोलायची नाही, पण यायची. रेल्वे चुकली तरी बसने यायची.

निरोप समारंभाला बाईंनी भाषण केलं नाही. नारळ आणि शाल घेतली आणि पुन्हा प्रयोगशाळेत गेल्या, कारण तास अर्धा राहिला होता.

परीक्षेला त्या नव्हत्या. बाहेरगावचे परीक्षक आणि तासिकेवर नेमलेले नवे सर होते. निकाल लागला तो नेहमीसारखा नव्हता. जऊळक्याची मुलगी पास झाली. पहिली आली नाही, मधेच कुठेतरी होती, पण स्पॉटिंगमध्ये तिची एकही बरणी चुकली नाही. तिच्या वडिलांनी गुण पाहिले आणि पुढच्या वर्षाची फी भरली. ती आज शेवटच्या वर्षाला आहे. दोन मुलं मात्र नापास झाली. प्राचार्य माझ्याकडे असे बघत होते, जणू बरण्या मीच आणल्या.

मी संध्याकाळी धनजला फोन लावला. मुलीचं ऐकून बाई फक्त “हं” म्हणाल्या. नापास झालेल्या दोघांचं ऐकल्यावर मात्र लगेच बोलल्या, “त्या दोघाईले धाडा माह्याकडे.”

मी म्हटलं, बाई, मे महिना आहे, ऊन कसलं आहे. तुमची तब्येतही बरी नाही.

“मंग? किडेमुंग्या का सुट्टीवर गेल्या?”

ती दोन्ही मुलं महिनाभर एसटीने धनजला जात राहिली, आणि पुढच्या परीक्षेत सुटली. बाईंचं दुखणं त्यानंतर वाढत गेलं. हिवाळ्यात त्या गेल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच मे महिन्यात. डोळे दाखवायला अमरावतीला निघाले होते. धनजच्या फाट्यावर बस थांबली, आणि खिडकीतून मला रस्त्याकडेच्या बांधावर त्या दिसल्या. फिकट छत्री, पायात पुरुषी चपला. समोर ती दोन पोरं गुडघे टेकून, मातीत जवळजवळ नाक खुपसून बसलेली. तिथे काय होतं ते मला दिसेना. मी मोठ्याने हाक मारली. पोरांनी मान वर केली नाही. बाईंनी पाठमोऱ्याच हात वर केला. वर्ग चालू असताना दारात कोणी आलं, की थांबा म्हणून करत, तसा. मी थांबले असते, पण कंडक्टरने घंटी मारली.