वृंदा घरी निघाली

दर सुट्टीत वृंदा थोडी थोडी घरी जायची. घर सांगलीला, नोकरी नेदरलँड्समध्ये, लायडनच्या एका प्रयोगशाळेत, आणि मधली वाट बसने. एकदा व्हिएन्नापर्यंत गेली. पुढच्या खेपेला बुडापेस्ट, नंतर सोफिया. तिथून आईला फोन करायचा, "आई, आज अजून जवळ आले," आणि रजा संपली की आल्या वाटेने परत.

आमची ओळख तिथून जवळच फोरबर्गला, माझ्या मुलाच्या घरी हळदीकुंकवाला झाली. मी नातवाला सांभाळायला नुकतीच आले होते आणि अंगात भलतंच शहाणपण होतं. युरोप मी आधी एकदाच पाहिला होता, टूरबरोबर. पुढच्या सीटसाठी भांडून, आणि बाहेर आल्प्स दिसत असताना आपला चिवड्याचा पुडा कुणी लांबवला याचा तपास करत. अशी मी जग पाहिलेली बाई वृंदाला म्हणाले, "अगं, विमान कधीकधी बसपेक्षा स्वस्त पडतं. हाडं कशाला खिळखिळी करून घेतेस?"

ती हसली. "मला विमान बंद आहे, काकू. कुणाला मीठ बंद असतं ना, तसं."

तिच्या फुप्फुसांत हवेचे फुगे झाले होते. उंचावर एखादा फुटला तर संपलंच, असं हॉस्पिटलमध्ये स्पष्ट सांगितलेलं. ऑपरेशन करण्यासारखं नव्हतं. मालवाहू बोटीवाल्यांनी आजारी बाई घ्यायला नकार दिला होता. "इकडे येताना मात्र मजेत उडत आले बघा," ती म्हणायची. "खिडकीतून ढगांचे फोटो काढत. तेव्हा काय माहीत, तिकीट फक्त यायचंच होतं."

सांगलीला आई अंथरुणाला खिळलेली, धाकट्या भावाजवळ. तिला आजाराचं सांगितलं नव्हतं. विमान सोसत नाही, रस्त्याने येते, एवढंच. त्यामुळे म्हातारी दर फोनला विचारायची, "कुठवर आलीस गं?" आणि ही जागा सांगायची. सोफिया कुठे आहे हे म्हातारीला ठाऊक नव्हतं, पण लेक निघालीय हे ठाऊक होतं.

मी एकदा नकाशा पाहून विचारलं, "आणि तुर्कस्तानच्या पुढे? इराण, पाकिस्तान… आपल्या पासपोर्टवर कोण सोडणार तुला?"

"जमीन आहे तोवर तर जाऊ," ती म्हणाली आणि विषय बदलला.

प्रवासाचं तिचं शास्त्र होतं. "रेल्वे म्हणजे श्रीमंतांची बस," म्हणून रेल्वे वर्ज्य. गाडीत बसल्या बसल्या बूट काढून लोकरी मोजे चढवायचे, धपाट्यांचा डबा उघडायचा आणि शेजारी असेल त्याला आधी द्यायचं. "खाऊ घातलेला माणूस खांद्यावर डोकं टाकून घोरला तरी राग येत नाही, काकू."

मागच्या वसंतात भावाचा फोन आला. आईने खाणं सोडलं होतं. वृंदाने मिळेल तेवढी रजा काढली. एकटीला कसं सोडायचं, म्हणून मीही निघाले. मुलगा म्हणाला, "आई, तुझे गुडघे?" मी म्हटलं, "तेही येताहेत." नातू डचमध्ये काहीतरी बोलला आणि सून तोंड फिरवून हसली, म्हणजे माझ्याबद्दलच असणार.

बसमध्ये बसल्यावर माझा तोरा जर्मनीतच उतरला. पाय सुजले, कंबर धरली. वृंदा माझे पाय आपल्या बॅगेवर ठेवायची, पाणी द्यायची. तिला आधार द्यायला गेलेली मी तिच्यावर ओझं होऊन बसले होते.

बुडापेस्टला उतरून सोफियाची बस धरायची होती. दुपारच्या उन्हात आम्ही स्टँडच्या बाकावर बसलो होतो, तेवढ्यात भावाचा व्हिडिओ कॉल आला. "ताई, लवकर बोल. ती तुझंच विचारतेय."

पडद्यावर उशी दिसत होती आणि उशीत इवलासा चेहरा. डोळे मिटलेले. आवाज आला, "कुठवर आलीस गं?"

वृंदाने माझ्याकडे पाहिलं. समोर अनोळखी भाषेतली पाटी, आणि सांगलीपर्यंत तीन समुद्र तरी असतील.

"आई," ती म्हणाली, "सांगलीच्या स्टँडवर उतरले. आत्ताच."

पलीकडे श्वास लागलेला ऐकू आला. मग, "रिक्षा कर. चालत येऊ नको. ऊन आहे."

"हो आई. केली रिक्षा."

"आणि भाडं आधी ठरव."

"ठरवलं."

भावाने फोन आपल्याकडे घेतला. कॉल बंद झाला. वृंदा धपाट्यांचा डबा उघडून बसली, एकही धपाटं न खाता. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. दुसरं काय करता येत होतं?

थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला. तिने ऐकलं, "बरं" म्हणाली, आणि फोन पर्समध्ये ठेवला.

तेवढ्यात सोफियाची बस लागली. ड्रायव्हर उतरून सामान भरू लागला. मी म्हटलं, "वृंदा, चल बाळा, परत फिरू. आता पुढे कुणाकडे जायचं?"

"परत कशी फिरू, काकू?" ती उठली. "पोचते म्हणून सांगितलंय तिला."

तिने आपली बॅग गाडीच्या पोटात ठेवली. क्षणभर थांबून माझीही उचलली.