राजे मागच्या दाराने आले

माझी मुलगी लग्न होऊन फुलपाड्याला फ्लॅटमध्ये राहायला गेली तेव्हा भांडीकुंडी, गाद्या, कपाट असं सगळं दिलंच आम्ही, पण त्याबरोबर घरातली एक खोडही तिच्याबरोबर गेली. नाताळच्या गोठ्यात ती बाळ येशूला बघायला लांबून आलेल्या तीन राजांच्या मूर्ती पहिल्या दिवशी ठेवत नाही. बाळ येशू, मरिया, योसेफ, गाय, गाढव सगळे गोठ्यात, आणि राजे मात्र स्वयंपाकघरात फ्रीजवर. मग रोज थोडे थोडे पुढे सरकवायचे. फ्रीजवरून ओट्यावर, ओट्यावरून जेवणाच्या टेबलावर, असं करत करत जानेवारीच्या सुरुवातीला, तीन राजांच्या सणाला, ते गोठ्यापाशी पोहोचायचे. तिच्या समोरच्या दारात कोकणातलं एक कुटुंब राहतं. त्या बाई सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडतात आणि विचारतात, "आज कुठवर आले हो तुमचे पाहुणे?" एकदा मुलीने सांगितलं, वॉशिंग मशीनवर आहेत. तर त्या म्हणाल्या, "मग भिजले असतील. टॉवेल द्या त्यांना."

ही खोड माझ्या सासूची. आम्ही तिला आय म्हणायचो. वसईच्या होळी गावात आमचं घर, मागे वाडी, केळी, मुळा, माठ आणि थोडा मोगरा. आय म्हणायची, राजे लांबून आले, मग त्यांना चालायला नको? नाताळच्या रात्री ती त्यांना चुलीमागच्या फळीवर मिठाच्या बरणीजवळ ठेवायची. ते तिचं पूर्वेकडचं राज्य. तिथून पाट्यावर, पाण्याच्या हंड्यामागे, शिवणाच्या मशीनवर. एका वर्षी एक राजा चुकून तांदळाच्या डब्यात पडला आणि भाताबरोबर जवळजवळ शिजायला गेला. आय म्हणाली, "उपास घडला असेल बिचाऱ्याला, म्हणून शिरला."

आता खरी गोष्ट सांगते. माझे सासरे गेल्यावर घराची वाटणी झाली. लांबलचक घर, दोन भाऊ, मधोमध भिंत. थोरल्या दिराला अलीकडचा भाग, आम्हाला पलीकडचा, आणि आय आमच्याकडे, कारण आमच्या बाजूला पायऱ्या कमी. वाटणी करायला मामा आले होते. माणूस न्यायी. हंडे वाटले, पाट वाटले, कोयतेसुद्धा वाटले. शेवटी माळ्यावरून लाकडी पेटी खाली आली. तिच्यात गोठ्याच्या मूर्ती. सासऱ्यांनी वांद्र्याच्या जत्रेतून आणलेल्या, प्लास्टरच्या, रंगीत. मामांनी त्या जमिनीवर ओळीने मांडल्या, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "मोठ्याला देव, गुरं, मेंढपाळ. धाकट्याला राजे आणि उंट. राजांच्या हातात सोनं आहे, तेव्हा धाकट्याचंही नुकसान नाही."

वाटणीत मामांच्या पुढे बोलायची रीत नव्हती. आय तेवढी संध्याकाळी चुलीपाशी बसून म्हणाली, "हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठलेला, त्यानेसुद्धा ह्या राजांना वाट सांगितली होती. माझ्या भावाने भिंत घातली."

तेव्हापासून आमच्याकडे राजे आणि उंट, पण जायला गोठा नाही. उंटाचा एक पाय तुटका, त्याला काडेपेटीच्या काडीचा टेकू. आय तरी त्यांना रोज चालवायची. सणाच्या दिवशी भिंतीवर पवित्र कुटुंबाचं चित्र असलेलं कॅलेंडर होतं, त्याच्याखाली ते पोहोचायचे. आय त्यांच्याकडे बघून म्हणायची, "एवढं वाळवंट तुडवून आले, ते कॅलेंडर बघायला."

तुम्ही म्हणाल, पलीकडे जाऊन ठेवायचे की. तेच तर जमत नव्हतं. थोरली जाऊ आणि मी बोलत नव्हतो. कारण विचाराल तर सांडपाणी. भिंत झाल्यावर आमच्या न्हाणीचं पाणी मागून वाहत तिच्या मुळ्याच्या वाफ्यात जायचं. ती म्हणायची, माझा मुळा साबणाने कुजला. मी म्हणायचे, पाण्याला उतार देवाने दिलाय. त्यावरून शब्दाला शब्द लागला आणि दोघींची तोंडं बंद. पुरुषांचं काहीच नव्हतं बरं का. ते दोघे भाऊ पहाटे एकाच टेम्पोत भाजी घालून बाजारात जायचे, एकाच टपरीवर चहा प्यायचे, आणि घरी आले की आपापल्या बायकोसमोर गंभीर चेहरा करायचे.

अशी तीन-चार वर्षं गेली. मग एका डिसेंबरात आयच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आधी सगळं तिला धुक्यातलं दिसायचं. नाताळच्या आधी नवा चष्मा आला आणि म्हातारी घरभर फिरायला लागली. कोपऱ्यातली जळमटं तिला दिसली. माझे पांढरे केस दिसले. "तू कधी म्हातारी झालीस?" असं सगळ्यांसमोर विचारलंन. मुलाच्या शर्टाचं बटण, डाळीतला खडा, काही सुटेना. आणि एक दिवस शिवणाच्या मशीनवरचे राजे तिने हातात घेतले, चष्म्याजवळ धरले, आणि हळूच म्हणाली, "सगळे एकत्र कसे दिसतात ते काही मी नीट बघितलंच नाही. होते तेव्हा डोळे नव्हते. आता डोळे मिळाले तर मधे भिंत."

एवढंच. जा म्हणाली नाही, आण म्हणाली नाही. पण मला त्या दिवशी भाकरी गोड लागेना. म्हातारीला किती नाताळ अजून मिळणार, हा विचार माझ्या मनात आला आणि सरता सरेना.

तीन राजांच्या सणाचा रविवार आला. मी दुसऱ्या मिस्सेला, म्हणजे सकाळच्या दुसऱ्या उपासनेला, देवळात गेले. फादर तरुण होते, प्रवचन लांबवायचे, पण त्या दिवशी मी जागी राहिले. ते म्हणाले, हेरोदाने शास्त्री लोकांना विचारलं, ख्रिस्त कुठे जन्मेल? त्यांना उत्तर पाठ होतं. बेथलेहेमात. ग्रंथ उघडला, गावाचं नाव सांगितलं, ग्रंथ मिटला आणि जेवायला घरी गेले. कोणी उठून गेलं नाही. यरुशलेम ते बेथलेहेम केवढं अंतर? होळीहून निर्मळला चालत जाण्याएवढं. आणि ज्यांना ग्रंथ माहीत नव्हता ते परके लोक मात्र कुठून कुठून चालत आले. ते किती होते हेसुद्धा लिहिलेलं नाही, फादर म्हणाले. भेटी तीन, म्हणून आपण माणसं तीन धरली.

मी मनात म्हटलं, निर्मळपर्यंत आमच्या वसईच्या बायका डोक्यावर टोपली घेऊन जाऊन दुपारच्या आत परत येतात. माझं बेथलेहेम तर भिंतीच्या पलीकडे. मला पत्ता पाठ आहे.

घरी आले तर मशीनवर राजे नव्हते. आय ओटीवर बसलेली, नवं लुगडं, नवा चष्मा, आणि मांडीवर सूप. सुपात रुमालावर तीन राजे आणि उंट आडवे.

"चल," ती म्हणाली.

"कुठे?"

"मला ह्या चष्म्याने पायऱ्या वाकड्या दिसतात. तू सूप धर."

"आय, तिने दार लावलं तोंडावर तर?"

"राजांनी दार लावतील की उघडतील असं विचारून उंट काढले होते काय?"

"आणि सांडपाण्याचं?"

"सूप आडवं धर. उंटाची काडी पडेल."

पुढच्या ओट्यावर मधे कमरेएवढी भिंत होती, ती आयला ओलांडवेना. म्हणून आम्ही मागून निघालो, वाडीतून, केळींच्या कडेने, आणि नेमकं त्याच मुळ्याच्या वाफ्यावरून. सणाची चप्पल चिखलात रुतली. साबणाचं पांढरं पाणी वाफ्यात खरंच साचलेलं होतं. मी ते बघितलं, आयनेही बघितलं. नवा चष्मा होता तिला.

थोरलीचं मागचं दार उघडं होतं. ती फुगे, म्हणजे आम्ही सणाला करतो ते मैद्याचे गोल वडे, तळत होती, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात. कढईतून वास असा येत होता की भांडण विसरावं. तिने आम्हाला बघितलं आणि हातातला गोळा हातातच राहिला.

"राजे आलेत," आय म्हणाली.

थोरलीने सुपात बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमच्याकडे आहेत राजे. ह्यांनी आणले मागच्या वर्षी."

मला वाटलं, झालं. आता सूप घेऊन परत मुळ्यातून जायचं. माझे पाय वळलेसुद्धा. पण आय आत शिरली, तरातरा पुढच्या खोलीत. आम्ही दोघी तिच्यामागे, एक सूप घेऊन, एक पिठाचे हात वर धरून.

गोठा सुंदर केला होता. डब्यात पेरलेल्या नाचणीचे हिरवे कोंब, पेंढ्याचं छप्पर, आणि आमच्या त्या जुन्या मूर्ती. पण दिरांनी आणलेले राजे प्लास्टिकचे होते आणि एवढे उंच, की योसेफ त्यांच्या कमरेला लागत होता. छपरात मावेनात म्हणून दोन्ही बाजूंना ताठ उभे केलेले. आय वाकली, चष्मा नाकावर चढवला आणि म्हणाली, "हे कोण? पोलीस?"

थोरलीच्या तोंडून फस्सकन हसू सुटलं. पिठाचा हात तोंडावर गेला आणि नाक पांढरं झालं. ते बघून मी हसले. मग कोणी थांबेना.

"मीसुद्धा ह्यांना सांगितलं," थोरली म्हणाली, "हे राजे नाहीत, पहारेकरी वाटतात. पण ऐकतील तर ना. आता हे तीन आणि ते तीन, सहा राजे ठेवू?"

"ठेवा की, वैनी. पुस्तकात आकडा नाही लिहिलेला. फादरांनी आजच सांगितलं."

"आमच्या मिस्सेला नाही सांगितलं."

"तुम्ही झोपला असाल."

"तू जागी होतीस हेच मोठं नवल," ती म्हणाली, आणि सुपातला उंट उचलला. "ह्याला अजून काडीच? इतक्या वर्षांत पाय नाही करता आला तुम्हाला?" बोलता बोलता तिने हातावरच्या पिठाचा छोटा गोळा केला, उंटाच्या तुटक्या पायाखाली बसवला, आणि उंट पहिल्यांदा सरळ उभा राहिला. आमचे तिन्ही राजे तिने नाचणीच्या कोंबांतून बाळाजवळ नेले, आणि प्लास्टिकच्यांना दाराशी.

आय खाली पाटावर बसली. खूप वेळ बघत राहिली. आम्ही दोघी मागे उभ्या. स्वयंपाकघरातून फुगा करपल्याचा वास यायला लागला तरी कोणी हललं नाही. शेवटी आय म्हणाली, "बाळाचे डोळे निळे आहेत होय? मी आपली इतकी वर्षं काळे समजत होते." मग तिने लुगड्याच्या पदराने चष्मा पुसला, डोळे नाही, चष्मा, आणि परत बघितलं.

मी शिकलेली बाई नाही. सणाचं देवळातलं नाव प्रकटीकरण, हे मला फादरांमुळे कळलं. पण देव प्रकट होतो म्हणजे काय, हे विचारलंत तर मला तो पाट आठवतो. आभाळ फाटलं नाही, चांदणी हलली नाही. जिथे जायचं ते ठिकाण मला आधीपासून ठाऊक होतं. फक्त तिथे पोहोचायला चप्पल चिखलात घालावी लागली. राजांना तरी काय दिसलं, शुभवर्तमानात लिहिलंय, घरात गेल्यावर आईजवळ बाळ दिसलं. बाळ घरात असतं. त्यासाठी कोणाच्या तरी घरात जावं लागतं.

राजे दुसऱ्या वाटेने परत गेले असं लिहिलंय, तशा आम्हीही गेलो. पुढच्या दाराने. दिरांनी ओट्यावरच्या भिंतीला एक पाट लावून दिला आणि आयला दोन्ही बाजूंनी धरून पलीकडे उतरवलं. माझ्या सुपात आता फुगे होते. त्याच आठवड्यात दोघा भावांनी आमच्या न्हाणीचं पाणी पाइप टाकून केळींकडे वळवलं. एका सकाळचं काम. इतकी वर्षं का नाही केलं विचारलं तर म्हणाले, "तुम्ही दोघींनी कधी सांगितलं नाही."

मधली भिंत आहे तशी आहे. वाटणीच्या वस्तूही ज्याच्या त्याच्याकडेच. आमचे राजे दरवर्षी आमच्या मिठाच्या बरणीपासून निघायचे आणि मागच्या दाराने थोरलीकडे पोहोचायचे. आय होती तोवर सूप तिच्या मांडीवर, नंतर माझ्या हातात. पुढच्या नाताळला मामा आले, गोठ्यासमोर उभे राहिले, बोटाने मोजलं आणि म्हणाले, "मी तर तीनच वाटले होते."

थोरली म्हणाली, "ते दाराशी उभे आहेत ना, ते पोलीस आहेत. परत कोणी वाटणी करायला येऊ नये म्हणून."

मामांना हसू आवरेना. त्यांनी दोन फुगे जास्त खाल्ले.