खोली विमल लावायची

त्या दुपारी आम्ही दोघं डोक्याला खोबरेल तेल चोपडून सहा नव्या उशांवर लोळत होतो. ऐकायला विचित्र वाटेल, पण आमच्या घरात हे कामच होतं. नवी मालिका सुरू व्हायची होती आणि तिच्यातल्या म्हाताऱ्या जोडप्याच्या खोलीसाठी बाजारातून कोरे अभ्रे आणलेले. कोरा अभ्रा कॅमेऱ्यात खोटा दिसतो. विमलचं, म्हणजे माझ्या बायकोचं म्हणणं असं, की उशीला डोक्याचा डाग हवा, आणि तो चहाच्या पाण्याने येत नाही, डोक्यानेच येतो. म्हणून घटकाभर या उशीवर, घटकाभर त्या. मी म्हटलं, "बस झालं गं, मान मोडली." तर म्हणते, "मान राहू द्या, तुमच्या टकलाचा डागच लागत नाहीये. सरका तिकडे, मी लोळते." संध्याकाळी टेम्पोवाला आला, उशा घेऊन गेला. तासाभराने तिच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचलो तोवर… संपलेलं.

याला आता सहा आठवडे झाले. मी तिसरी शिकलेला माणूस, हे अक्षर माझ्या भाचीचं आहे, बोलणं माझं. पेपरच्या पुरवणीवाल्यांनी विचारलं, तुमच्या नावाखाली काय छापायचं? म्हटलं, आधी हे वाचा, मग तुम्हीच ठरवा.

मी सुतार. कोकणातून आलेलो, कळव्याला खोली घेतलेली. वागळे इस्टेटमध्ये एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये शूटिंग व्हायचं, तिथे प्लायवूडच्या भिंती उभ्या करायचो. टीव्हीवर मालिका नुकत्या सुरू झालेल्या तेव्हाची गोष्ट. विमल सातवी पास. सकाळी डोंबिवलीला जायची, तिथल्या पाच-सहा घरांत पोळ्या करायची. कुणाच्या घरात चहाची पूड कुठे असते, कुठली बाई सासूच्या नकळत साखर कुठे ठेवते, सगळं तिला पाठ. मला त्याचं काय कौतुक असणार? मी म्हणायचो, लोकांच्या घरच्या चौकशा पुरे कर.

तर झालं असं की पाटणकर नावाचे एकजण डोंबिवलीतल्या कारकुनाच्या घरावर मालिका काढत होते. निर्माते तेच, दिग्दर्शक तेच. त्यांचा आर्ट डायरेक्टर सिनेमाचं काम मिळालं म्हणून ऐनवेळी निघून गेला. नवा माणूस हवा होता. एक डिप्लोमावाला आलेला, काखेत नकाशांची गुंडाळी, खिशाला तीन पेनं. पाटणकर मला म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही इतकी वर्षं सेट ठोकताय, तुम्हीही एक खोली लावून दाखवा. स्वयंपाकघर. आठ दिवस देतो. ज्याची खोली पटेल त्याला नेमणार." आणि हातात कागद दिले. "वाचा, काही शंका असली तर विचारा." मी कागद वरखाली केले, मान हलवली आणि म्हटलं, काही शंका नाही. माझ्या तळहाताला असा घाम सुटलेला की कागद ओले झाले. मला दुकानाची पाटी वाचायला लागायची मिनिटभर. हे कागद होते बारा.

घरी विमलने मोठ्याने वाचून दाखवले. वाचून झाल्यावर म्हणाली, "यात खोली कुठाय? नुसती बोलतायत." मग विचारायला लागली. "ही सासू आहे ना, हिचे गुडघे दुखतात असं एका ठिकाणी आहे. मग डबे वर कशाला ठेवेल? आणि सून नोकरीला जाते, मग पोळपाट धुऊन उभा ठेवलेला असणार, सकाळीच." मी भिंती केल्या, ओटा केला, फडताळ केलं. बाकी सगळं ती सांगेल तसं. शेवटच्या दिवशी देव्हारा राहिला. बाजारातून पितळेचे देव आणले तर तिने हातात घेऊन परत पिशवीत टाकले. "असे चकचकीत देव कुठल्या घरात असतात? हे अजून दुकानातच आहेत." आणि आमच्या घरातले देव, तिच्या सासूच्या, म्हणजे माझ्या आईच्या पूजेतले, बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि पिंड, फडक्यात गुंडाळून घेऊन आली. एका दिवसाचं तर काम, म्हणाली.

पाटणकर आले. सासूचं काम करणाऱ्या बाई होत्या बरोबर. त्यांना म्हणाले, जरा चहा करून दाखवा. बाई ओट्यापाशी उभ्या राहिल्या, त्यांना कोणी काही सांगितलेलं नाही, तरी हात सरळ खालच्या फळीवर गेला आणि चहाचा डबा हातात आला. बाई हसल्या. "अहो, हे तर माझंच घर आहे." पाटणकरांनी वळून विचारलं, "हे कुणी लावलं?"

विमल दाराशी उभी होती, हातात पिशवी. मी म्हटलं, "मी."

एवढाच शब्द. डिप्लोमावाल्याने नकाशे गुंडाळले. मला नेमलं. घरी जाताना मी तिच्याकडे बघत नव्हतो. तीच म्हणाली, "बरं केलंत. पोळ्या लाटणारीने लावलं म्हणाला असतात तर दोघांनाही बाहेर काढलं असतं." खरंच होतं ते.

पाटणकर म्हणाले, खोलीला कुणी हात लावायचा नाही, उद्यापासून शूटिंग. झाली पंचाईत. आमचे देव तिथेच अडकले. विमल म्हणाली, देवांना काय उपाशी ठेवणार? रोज सकाळी, लोक यायच्या आत, मी तिला घेऊन शेडवर जायचो. ती पूजा करायची, जाता जाता डबे नीट करायची, एखादं फडकं हलवायची, आणि डोंबिवलीला पोळ्यांना जायची. मला बरंच वाटलं. पूजेच्या निमित्ताने खोली तिच्या नजरेखालून जात होती.

शनिवारी नीता माझ्याकडे आली. नीता म्हणजे पाटणकरांची असिस्टंट, कोणत्या शॉटमध्ये काय कुठे होतं ते वहीत लिहून ठेवायची. पोरगी घाबरलेली. "अण्णा, देवाची फुलं बदलतायत." मी म्हटलं, मग? रोज ताजी असतात. ती म्हणाली, "अहो अण्णा, सीन एका संध्याकाळचा आहे. आपण तीन दिवस शूट करतोय. बाई बोलायला लागतात तेव्हा जास्वंद, मधे तगर, आणि वाक्य संपताना झेंडू!"

पाटणकर असे ओरडले की लाईटवाले वरून खाली बघायला लागले. "आर्ट डायरेक्टरला कंटिन्युइटी कळत नाही? दोन दिवस फुकट गेले माझे! उद्या सुट्टी आहे. सोमवारी बघतो तुम्हाला ठेवायचं की त्या दुसऱ्याला बोलवायचं." मला तो शब्दच तेव्हा पहिल्यांदा कळला.

घरी येऊन मी सगळा राग तिच्यावर काढला. म्हटलं, एक फूल तीन दिवस ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? ती म्हणाली, "शिळी फुलं? देवाला?" मी म्हटलं, "तिथे ते देव नाहीत. सामान आहे." बोललो आणि जीभ चावली. पण बोलून झालेलं. तिने ताट वाढलं, समोर ठेवलं, आणि स्वतः जेवली नाही. मी सोमवारचा विचार करत बसलो. नेमणूक जाणार, ते जाऊ दे. पण सगळ्यांना कळणार की याला काही येत नव्हतं, हीच भीती. सुतार म्हणूनसुद्धा मग कोण उभं करणार?

रविवारी सकाळी तिने माझ्यासमोर सागाचे तीन तुकडे आणि कोरायचं किकरं ठेवलं. "तुम्हाला कोरता येतं ना? कोरा. आपले देव मी घरी आणते. तुम्ही कराल त्यांची प्राणप्रतिष्ठा कोणी करणार नाही, त्यांना शिळं चालेल." दिवसभर मी बाळकृष्ण कोरत होतो आणि ती शेजारी बसून जुन्या लाल ब्लाउजच्या कापडाची जास्वंद शिवत होती. माझ्या अन्नपूर्णेचं नाक बघून म्हणाली, "ही तुमच्या आत्यासारखी दिसते." तेव्हा मला कळलं की राग गेला. पितळी रंग दिला, वर तेलाचा हात फिरवला, आणि दुसऱ्या दिवशी लोक यायच्या आत शेडवर देव बदलले.

सोमवारी पाटणकरांनी कॅमेऱ्यातून किती वेळ बघितलं कुणास ठाऊक. नीता वहीत बघून म्हणाली, "पहिल्या दिवसाची जास्वंद अशीच होती, सर. पुढचे दोन दिवस तेवढे परत करावे लागतील." पाटणकर माझ्याकडे न बघता म्हणाले, "चला, लाईट लावा." बस. तेवढीच माझी नेमणूक.

पहिला भाग आम्ही शेजाऱ्यांकडे बघितला. शेवटी नावं आली. भराभर वर सरकत होती, मला वाचता येईनात. मी विचारलं, आलं का? विमल म्हणाली, "आलं की. कला दिग्दर्शन," आणि माझं नाव वाचून दाखवलं. माझं नाव, तिच्या तोंडून, तिच्या कामाखाली. शेजाऱ्यांनी पेढा मागितला. तीच उठून आणायला गेली.

पुढे बरीच कामं मिळाली, सगळेच अण्णा म्हणायला लागले. पण सुखाने कधी झोपलो नाही. कुणी कागद पुढे केला की चष्मा घरी राहिला म्हणायचो. ही युक्तीपण तिचीच. तिने पोळ्यांची घरं सोडली, माझ्याबरोबर यायला लागली. कोणी विचारलं तर म्हणायचो, सेटवरच्या देवांच्या पूजेसाठी येते. एकदा नीताने तिला सरळ विचारलं, "वहिनी, खरं सांगा, हे सगळं तुम्ही सुचवता ना?" विमलने माझ्याकडे बघितलं. अर्धं तोंड उघडलेलं तिचं. मीच मधे पडलो. म्हटलं, "छे गं, ती देवाचं बघते फक्त." विमल हसली. म्हणाली, "हो बाई, मी पुजारीण." तेव्हा सांगता आलं असतं. पाटणकर रिटायर झाले तेव्हाही आलं असतं. घाबरट माणूस मी. तिच्याकडे बोट दाखवलं की माझ्याकडे काय उरतं, हेच मोजत राहिलो… तिने कधी मागितलं नाही, हे मी स्वतःला सांगायचो. आता कळतं, त्या दिवशी तोंड उघडलं होतं ते मागायलाच.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं. सात वाजता मी उठलो आणि फोनकडे गेलो. मेहुणा म्हणाला, "दाजी, आता कसले फोन करताय? बसा." मी ऐकलं नाही. म्हाताऱ्या जोडप्याची ती खोली त्या दिवशी लावून द्यायची होती, आणि आता त्या कंपनीचं सगळं नीताच बघते. तिनेच उचलला.

म्हटलं, "नीता, आज खोली मिळणार नाही."

"का हो अण्णा? आवाज का असा? बरं नाही का?"

"आर्ट डायरेक्टर गेली. काल संध्याकाळी."

ती गडबडली. "अण्णा, काय बोलताय? कोण गेली? आर्ट डायरेक्टर तर तुम्ही… हॅलो? कोण बोलतंय?"

"मी सुतार बोलतोय," म्हटलं, आणि फोन ठेवला.