डब्यावरचा कागद

फुलपाड्यात आमच्या वरच्या मजल्यावर मनोरमाबाई राहायच्या. मूळच्या गास गावच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. नात आर्या जन्मली ती जेमतेम दोन किलोची. सून क्षितिजा नोकरीला, त्यामुळे पोरगी आजीच्याच हाती वाढली.

तिला दात आल्यावर बाईंनी कंबर कसली. बदाम, काजू, शेंगदाणे मंद आचेवर भाजायच्या, पार गार होऊ द्यायच्या, मग खडीसाखर घालून मिक्सर थांबत थांबत फिरवायच्या. घाई केली की तेल सुटून गोळा होतो. खारीक मात्र खलबत्त्यातच कुटायची. वर वेलची, जायफळ. रोज दोन वेळा दुधातून, अशी चार वर्षं. पोरगी गुटगुटीत झाली.

ही पावडर भरायच्या कशात, तर शेजारणीकडून आणलेल्या, मुलांची पौष्टिक पावडर विकणाऱ्या एका कंपनीच्या रिकाम्या डब्यात. झाकण घट्ट, मुंग्या नाहीत, पावडर सादळत नाही. आपल्याकडे डब्यावरचं नाव आणि आतला माल कुणाच्या घरात जुळतो?

१९९८ साली आमच्या मंडळाने सुदृढ बालक स्पर्धा भरवली. बक्षिसं त्याच कंपनीची. कंपनीचा माणूस मीच आणला होता, मंडळाचा चिटणीस म्हणून. मूल जे पितं ते सोबत आणा, असं कळवलं होतं. आर्या पहिली आली. क्षितिजाच्या हातातला डबा त्या माणसाने उंच धरला आणि माइकवर म्हणाला, "पाहा, आमच्या पावडरीची कमाल."

क्षितिजा नुसती हसली.

मनोरमाबाई खुर्चीतून उठल्या. "सायेब, डबा तेवढा तुमचा हाय. आतलं मी कुटलंय."

"आई, बस ना," त्यांचा मुलगा जितेंद्र म्हणाला. "बक्षीस मिळालंय, उगाच सीन कशाला?"

त्या माणसाने माइक माझ्या हातात दिला. फोटो निघाला, टाळ्या पडल्या. त्यात माझ्याही होत्या, आणि त्या आठवल्या की आजही स्वतःचाच संताप येतो. महिनाभरात तो फोटो दुकानादुकानांत लागला. चार वर्षं खलबत्त्यात कुटणारी बाई त्यात कुठेच नव्हती. माझ्याशी त्यांनी बोलणंच टाकलं, ते बरोबरच होतं.

एकदा मी गच्चीवर जायला जिना चढत होतो. खालच्या चाळीतली रीमा कडेवर हडकुळं पोर घेऊन बाईंच्या दारात उभी होती.

"मावशी, याची अंडी बंद करून तो डबा आणला. दुसरा पण संपला. आर्याच्या अंगी लागलं, मग याच्या का लागत नाही?"

बाई आत गेल्या आणि आपला डबा घेऊन आल्या. ओल्या फडक्याने भिजवून त्यावरचा कागद त्यांनी नखाने खरवडून काढला. मग कित्येक महिन्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"चिटनीस, आत काय व्हतं, ते तुमीच सांगा हिला."

मी सगळं सांगितलं. रीमाने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मग माइक हातात होता तेव्हा का नाही बोललात, दादा?"