डाव्या दारातला आवाज

जुनी गाडी घ्यायला गेलं की ती हमखास एखाद्या डॉक्टरची निघते. पुण्याच्या एजंटनं मलाही तेच सांगितलं. डॉक्टरची गाडी, एकाच हातातली, कुठं खरचटलेलीसुद्धा नाही. मी विचारलं, एवढी चांगली आहे तर डॉक्टर विकतोय कशाला? त्यावर तो नुसता हसला. विकणारा हसला की माझा हात आपोआप खिशावर जातो.

तरीही गाडी घेतली, कारण मुलीला दिवस गेले होते. तिचं सासर मढला, आमचं घर अवसरी बुद्रुकला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, सातव्या महिन्यात तिला आणायचं ठरलेलं. मढहून यायचं म्हणजे ओतूरला एसटी बदला, नारायणगावला बदला, मंचरला बदला. पहिल्याच दिवशी बायकोनं बजावलं होतं, "माझ्या पोरीला यष्टीत हिंदकळत आणायची न्हाई."

दसऱ्याला गाडी दारात आली. चाकांखाली लिंबं ठेवली, पुढं नारळ वाढवला, बायकोनं बॉनेटवर हळदीकुंकू वाहिलं आणि मी गल्लीत पेढे वाटले. पुढच्या दोन्ही काचा बटणावर खालीवर होतात हे बघायला निम्मी गल्ली जमली होती. तेव्हा आमच्याकडं त्याचं फार अप्रूप.

आठवडा झाला नाही तोच डाव्या दारातून आवाज यायला लागला. काच वर घेताना करकर करकर, मग मध्येच खट्ट. जात्यात खडा सापडल्यासारखं वाटायचं. मला वाटलंच होतं! एजंटला फोन लावला तर म्हणाला, "साहेब, जुनी गाडी म्हटल्यावर थोडंफार चालायचंच." आठ दिवसांपूर्वी हीच गाडी नव्यासारखी होती.

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी लपवत नाही. बायको म्हणते, देवानं प्रसाद दिला तरी हे आधी वास घेतील. पण त्या दिवसांत संशयाला जागाही होती. दार पूर्वी कधीतरी ठोकलं गेलंय, आत काहीतरी मोडलंय आणि ते दडपून गाडी माझ्या गळ्यात मारलीय, असं माझ्या डोक्यात घट्ट बसलं. भर म्हणून बायको पुढच्या सीटवर बसेना. पुढं बस म्हटलं की म्हणायची, मला मागंच बरं वाटतं. हिला कुणीतरी या गाडीबद्दल काहीबाही सांगितलंय, अशी मला शंका येऊ लागली. खोदून विचारलं तर ती विषयच बदलायची. त्यामुळं शंका आणखी वाढली.

मुलीला आणायचा दिवस ठरला, तशी मी गाडी मंचरला फिटरकडं नेली. फिटर लोक काचेची चांगली मोटर काढून भंगारातली बसवतात, असं ऐकून होतो. म्हणून स्टूल घेऊन दारापाशीच बसलो. त्यानं आतलं आवरण उचकटलं, प्लॅस्टिक सोललं आणि मोटर दिसल्याबरोबर मी किल्लीनं तिच्यावर फुली मारली.

"राव, म्या काय मोटर गिळतो का?" तो म्हणाला.

"असू दे खूण," मी म्हणालो.

त्यानं आधी मोटर गेली म्हणून सांगितलं, मग रबर सुकलं म्हणाला. शेवटी काच वर सरकवणाऱ्या दात्यांवरचं काळं ग्रीस पुसलं, तेव्हा फडक्यात काहीतरी चमकलं. हिरव्या बांगडीचे तुकडे. दोन दात्यांत अडकलेले, दोनतीन दाराच्या तळाशी.

म्हणजे या सीटवर कुणी सवाशीण बसली होती. तिचा हात या दारावर आपटला होता. पुढचं मला बघायचं नव्हतं, पण दिसत होतंच.

"भाऊ, अपघात झाला असता तर पत्रा ठोकल्याला दिसला असता की," फिटर म्हणाला. हाही एजंटच्याच माणसांपैकी तर नसेल, असं क्षणभर वाटून गेलं. मी तुकडे कागदात बांधून खिशात टाकले. त्यानं नवं ग्रीस लावलं, आवरण बसवलं. काच कसलाही आवाज न करता वर गेली. मला मात्र ती गाडी नकोशी झाली होती. गरोदर पोरीला त्या सीटवर बसवायचं नाही, हे मी रस्त्यातच ठरवलं.

घरी बायको ओट्यावर पावटे सोलत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "उद्या ही गाडी न्यायची नाही. भाड्याची जीप बघतो. डाव्या दारात काच निघालीय. त्यात काहीतरी फुटलंय."

तिनं मान वर केली नाही. "फुटली म्हनू नका. वाढली म्हना."

मी तिथंच बसलो. कप फुटतो, चष्मा फुटतो, गाडीची काचही फुटते. फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं असतं, ती फक्त बांगडी. आणि कागदाची पुडी अजून माझ्या खिशातच होती.

"तुला कसं माहीत?"

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग ती बोलली. दसऱ्याला मी पेढे वाटत होतो, तेव्हा तिनं गाडीतल्या गणपतीला कुंकू लावायला खिडकीतून हात घातला होता. काच अर्धी वर होती. बांगडी काठावर आपटली आणि तुकडे फटीतून आत गेले. कुणी पाहिलं नव्हतं.

"मग सांगायचं नाही?" मी ओरडलोच. "मी त्या एजंटला इतके दिवस शिव्या घालतोय!"

"तुमाला सांगितलं असतं तर तुमी दुसऱ्या दिवशी गाडी इकून मोकळं झाला असता. मग पोरगी कशात आली असती?"

मी दुसरंच विचारलं. "आणि पुढं का बसत नाहीस? सीटची भीती वाटते?"

"सीटची कशाला वाटंल?" ती म्हणाली. "सवाशिणीची बांगडी वाढली ती पूजेच्या वक्ताला, अन् गाडी चालवनार तुमी. पुढं बसलं की समोरचा रस्ता दिसतो. मागनं तुमी दिसता."

नंतर ती पुन्हा पावटे सोलायला लागली. मी तिच्या मनगटाकडं पाहिलं. त्या हातात एक बांगडी कमी आहे का, हे मला सांगता येईना. एजंटच्या हसण्यापासून फिटरच्या फडक्यापर्यंत मी सगळ्यावर नजर ठेवली होती. इकडं मात्र पाहिलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याच गाडीनं मढला गेलो. येताना लेक पुढं बसली. ओतूर मागं पडल्यावर तिनं बटण दाबून काच खाली घेतली, पुन्हा वर घेतली.

"आबा, तुम्ही तर म्हणत होता लई आवाज येतो."

"होता," मी म्हणालो. "गेला."

आरशात पाहिलं. बायको मागच्या सीटवर मधोमध बसली होती आणि तिचे डोळे माझ्या मानेवर होते. नारायणगावच्या पुढं हळू चाललो होतो, तर उसाच्या ट्रॅक्टरनं मागून हॉर्न दिला. एरवी मी त्याला पुढं जाऊ दिलं नसतं. त्या दिवशी गाडी कडेला घेतली आणि दोन्ही ट्रॉल्या निघून जाईपर्यंत थांबलो.